कोणत्या साली आलात?

अंधेरीत किंवा घाटकोपरला राहणाऱ्या माणसाची ऐपत ओळखायची असेल, तर त्याचा पगार विचारून उपयोग नाही. त्याच्या घरातला पहिला माणूस मुंबईत कोणत्या साली आला, ते विचारा. १९६५ च्या सुमारास पंतनगरच्या हाउसिंग बोर्डाच्या खोलीत राहायला आलेल्या कामगाराचा नातू आज कुरिअर कंपनीत अठरा हजारांवर राबत असेल, तरी कागदोपत्री तो कोट्यधीश आहे. त्याच कंपनीत त्याच्या तिप्पट पगार घेणारा, २०१५ साली साताऱ्याहून आलेला त्याचा साहेब मात्र अकरा महिन्यांच्या करारावर राहतो आणि दर एक-दोन वर्षांनी सामान बांधतो. नातवाने काही कर्तृत्व गाजवलेलं नाही, साहेबाचंही काही चुकलेलं नाही. फरक फक्त सालाचा आहे.

ही सालं सरकारनेच ठरवलेली आहेत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या भाडेकरूंच्या इमारतींना शहर भागात उपकर आणि दुरुस्ती मंडळ मिळालं; उपनगरातल्या तसल्याच इमारतींच्या वाट्याला तेही आलं नाही. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत आधी १ जानेवारी १९९५ ही तारीख होती, मग १ जानेवारी २००० झाली. २००० ते २०११ मधल्यांना अडीच लाख रुपये भरून घर मिळेल असं २०२३ मध्ये ठरलं. धारावीसाठी तर १५ नोव्हेंबर २०२२ पर्यंतच्या रहिवाशांची वेगळी पायरी आहे. मुंबईच्या गृहनिर्माण धोरणाचा इतिहास कोणी लिहायला घेतला, तर तो बराचसा कट-ऑफ तारखांचाच इतिहास होईल.

तारखांवर आपल्याकडे भांडणं होतात ती बहुतेक एकाच चालीवर. एक पक्ष म्हणतो तारीख पुढे न्या, दुसरा म्हणतो पुढे नेलीत तर सगळा देश इथे येईल. मुळात तारीख लागतेच कशाला, हे कोणी विचारत नाही. माझं उत्तर असं : या शहरात गरिबाचं घर स्वतंत्रपणे बांधलंच जात नाही, ते महागड्या घराच्या विक्रीतून निघतं. जितकी महाग घरं विकली जातील तितकीच फुकट घरं निघणार. मागणारे त्याहून कितीतरी जास्त असल्यामुळे कोणाला तरी दाराबाहेर ठेवावंच लागतं, आणि तारीख ते काम गाजावाजा न करता करते.

या व्यवस्थेत जागांचे भाव उतरणं ही सरकारच्या दृष्टीने आनंदाची बातमी नसते. घरं स्वस्त करायची असं रोज म्हणणाऱ्या यंत्रणेचा सगळा डोलारा घरं महाग राहण्यावर उभा आहे.

*

हे असं कायम नव्हतं. उपनगरं पालिकेत आलीच मुळी उशिरा, १९५० आणि १९५७ मध्ये. तेव्हा मुलुंड, भांडुप, घाटकोपर म्हणजे आग्रा रोडच्या, म्हणजे आजच्या लाल बहादूर शास्त्री मार्गाच्या, कडेने उभे राहत गेलेले कारखाने होते. औषधं, रंग, तारा, इंजिनीअरिंगचं सामान. पश्चिमेला गोरेगावची निरलॉन, बोरिवलीचा पोलाद कारखाना, अंधेरीत मरोळची औद्योगिक वसाहत आणि १९७३ पासून सीप्झ. या कारखान्यांनी उपनगराला धूर दिला तसा एक कागदही दिला, कायम नोकरीच्या पगाराचा. त्या कागदावर पतपेढी कर्ज देत असे, दहा-बारा जण मिळून सहकारी सोसायटी काढत, आणि १९६३ च्या ओनरशिप फ्लॅट कायद्यानंतर कामगार आणि कारकून थोडेथोडे पैसे भरत घरमालक होत. चार मजली, लिफ्ट नसलेली, खिडक्यांवर बॉक्स ग्रिल बसवलेली ती इमारत म्हणजे त्या पगाराचंच रूप होतं.

पुढे कारखान्यापेक्षा कारखान्याखालची जमीन जास्त कमवू लागली. औद्योगिक जमीन निवासी करण्याची सोय १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत होतीच. मुलुंडची ग्लॅक्सोची जमीन गृहसंकुलासाठी गेली. निरलॉनच्या जागी नॉलेज पार्क आलं. बोरिवली पूर्वेची टाटा स्टीलची २५ एकर जमीन २०१४ मध्ये ११५५ कोटी रुपयांना विकली गेली आणि तिथे आज टॉवर आणि मॉल आहेत. हे सगळं कायदेशीर झालं, कामगारांची देणी चुकती करण्याची अटही होती. पण देणी एकदाच मिळतात. पूर्वी त्या जमिनीवर राबणाऱ्याला तिच्या आसपास घर घेता येत होतं. आता त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या मॉलमधल्या सेल्समनला, टॉवरच्या सिक्युरिटी गार्डला, दहा मिनिटांत दूध पोहोचवणाऱ्या मुलाला तिच्या आसपास भाड्यानेही राहणं जमत नाही.

या मुलाच्या हातात पगाराचा कागद नाही. मोबाइलमध्ये आठवड्याचा हिशेब येतो, बँक त्यावर गृहकर्ज देत नाही. अन् दिलं तरी काय होणार? उपनगरातलं पाचशे फुटांचं घर चौरस फुटाला २५ हजार रुपये दराने धरलं तर सव्वा कोटीचं होतं. अंधेरी पश्चिमेला या दराला कोणी हसेल, तरी तो धरू. पंचवीस लाख कसेबसे उभे केले आणि एक कोटीचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं, तर महिन्याचा हप्ता सुमारे ८७ हजार रुपये येतो. म्हाडाच्या अत्यल्प उत्पन्न गटाची मर्यादा आहे वर्षाला सहा लाख, म्हणजे महिन्याला पन्नास हजार. सरकारने ठरवलेल्या गरिबाचं अख्खं उत्पन्न हप्त्याला पुरत नाही.

मग उरते म्हाडाची सोडत. २०२३ मध्ये मुंबई मंडळाच्या ४०८२ घरांसाठी एक लाख वीस हजारांवर अर्ज आले. २०२४ मध्ये घरं होती २०३० आणि अर्जदार पुन्हा लाखाच्या वर. २०२३ च्याच सोडतीत ताडदेवचं एक घर साडेसात कोटींच्या पुढे होतं, यावर पेपरांत पुष्कळ विनोद झाले. विनोद करण्यापेक्षा वाईट वाटण्याची गोष्ट ही, की गृहनिर्माण हे धोरण असायला हवं होतं, ते नशिबावर सोपवलं गेलं आणि आपण निमूटपणे अनामत रक्कम भरत राहिलो.

*

आता थोडं आपल्या मध्यमवर्गाच्या अंगणात येऊ, कारण हा लेख वाचणारे बहुतेक जण तिथेच राहतात.

मुलुंड पूर्व किंवा बोरिवलीच्या कोणत्याही जुन्या सोसायटीतली पुनर्विकासाची सभा डोळ्यांपुढे आणा. गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्च्या, समोर तीन बिल्डरांच्या ऑफरचा तक्ता. जुन्या कार्पेटवर चाळीस टक्के जादा की पंचेचाळीस, कॉर्पस किती, भाडं दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढवणार का, एक पार्किंग की दोन. सेक्रेटरी सहकार कायद्यातला ७९-ए चा नियम वाचून दाखवतो, ५१ टक्के संमती पुरे असल्याचं सांगतो. तळमजल्यावरचे काका विचारतात, ‘ओसी मिळाली नाही तर?’ आणि सगळे गप्प होतात. दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाला या सभेचं बोलावणं नसतं. मुलं याच गल्लीतल्या शाळेत जातात, बाई याच इमारतीतल्या चार घरांच्या मुलांची शिकवणी घेते. त्यांना एक महिन्याची नोटीस मिळेल. बिल्डर भाडं देणार ते घरमालकाला. हे त्या गच्चीवर कोणाच्या मनातही येत नाही. ती माणसं दुष्ट नाहीत, फक्त हिशेबात भाडेकरू नावाचा रकाना नाही.

याच गच्चीवर कधीतरी हमखास एक वाक्य ऐकू येतं : झोपडीवाल्यांना सरकार फुकट घरं देतं आणि आम्ही टॅक्स भरून मरतो. हे वाक्य नीट तपासण्यासारखं आहे. झोपडपट्टी पुनर्वसनात आज तीनशे चौरस फुटांचं घर मिळतं. वर धरलेल्या २५ हजारांच्या दराने त्याचे ७५ लाख होतात. सोसायटीच्या पुनर्विकासात सभासदाला जुन्या घराखेरीज अडीचशे फूट जादा मिळाले, तर त्याच दराने ते साडेबासष्ट लाख झाले. हे पैसे बिल्डरने खिशातून दिलेले नाहीत. राज्य सरकारने वाढीव चटईक्षेत्र, फंजिबल, टीडीआर असं काहीबाही मंजूर केलं, त्या हवेतल्या जागेतून ते आले. झोपडीवाला आणि आपण एकाच नळाचं पाणी पितो. फरक इतकाच, की त्याला पात्रतेसाठी वीजबिलं, मतदारयादी आणि रेशन कार्डाच्या झेरॉक्स घेऊन वर्षानुवर्षं खेटे घालावे लागतात आणि आपल्याला शेअर सर्टिफिकेट पुरतं.

इमारती जुन्या झाल्या आहेत, त्या पाडून बांधायलाच हव्यात, यात वाद नाही. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली चार मजली इमारत कोसळली आणि १७ माणसं गेली. पुनर्विकास नको असं म्हणणारा माणूस त्या दिवशीचा ढिगारा विसरलेला असतो. माझा आक्षेप पुनर्विकासाला नाही. सार्वजनिक परवानगीतून निर्माण होणारी सगळीच्या सगळी किंमत आधीच घर असलेल्यांमध्ये आणि बिल्डरमध्ये वाटली जाते आणि घर नसलेल्याचा त्यात एक फूटही वाटा नसतो, याला आहे.

पात्र ठरलेल्यांचं तरी भलं होतं का? गोरेगावच्या पत्रा चाळीत ६७२ भाडेकरू होते. २००८ च्या करारानंतर त्यांनी घरं रिकामी केली. पुढे काम अडकलं, भाडं थांबलं, घोटाळ्याच्या चौकश्या झाल्या, शेवटी म्हाडाने प्रकल्प हाती घेतला आणि किल्ल्यांची गोष्ट निघेपर्यंत २०२५ साल उजाडलं. त्यातले कितीतरी म्हातारे आपलं घर न बघताच गेले.

*

झोपडपट्टी पुनर्वसनाचं गणित १९९५ पासून मुळात साधं आहे. उपनगरात एक फूट फुकट घर बांधा, एक फूट विकायला घ्या. शहर भागात प्रमाण पाऊण, धारावीसारख्या अवघड जागी एकास एक तृतीयांश जास्त. आज हे प्रमाण जमिनीच्या आणि बांधकामाच्या दरावर ठरतं, पण तत्त्व तेच. १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या शिवसेना-भाजप युती सरकारने चाळीस लाख लोकांना घरं देण्याचं वचन दिलं होतं. तीस वर्षांनंतर ते वचन कुठे आहे, हे घाटकोपर ते मानखुर्द रिक्षाने गेलं तरी दिसतं. कारण गणितातच आहे. ज्या झोपडपट्टीखालची जमीन महाग, तिथे बिल्डर धावतो. अंधेरीच्या स्टेशनजवळची वस्ती दोन-दोन बिल्डरांच्या भांडणात अडकते आणि गोवंडीच्या कचराभूमीशेजारच्या वस्तीकडे कोणी फिरकत नाही. गरज कुठे आहे हे या योजनेला ठाऊकच नसतं, तिला फक्त भाव कळतो.

आणि जागेच्या भावात बसवायचं म्हणून पुनर्वसनाच्या इमारती इतक्या दाटीने उभ्या राहतात, की गोवंडीतल्या नटवर पारेख आणि मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडसारख्या वसाहतींमध्ये समोरासमोरच्या इमारतींत अवघं तीन मीटर अंतर आहे. खालच्या मजल्यांवर दिवसा ट्यूबलाइट लागते. डॉक्टरांनी तिथल्या क्षयरोगाचा संबंध ऊन आणि हवेच्या अभावाशी जोडून दाखवला आहे. झोपडीत निदान छपराच्या फटीतून ऊन तरी येत होतं.

शिवाय पात्र म्हणजे जमिनीवरचा. झोपडीच्या पोटमाळ्यावर भाड्याने राहणारं कुटुंब, मग ते तिथे वीस वर्षं का राहत असेना, सर्वसाधारण योजनेत मोजलं जात नाही. गच्चीवरच्या सभेत भाडेकरू नव्हता, इथल्या यादीतही नाही. सोसायटी असो वा झोपडपट्टी, या शहरात सगळ्यात अदृश्य माणूस तोच.

ज्यांना हलवलं जातं त्यांचं काय होतं, ते तानसा जलवाहिनीने दाखवलं. मुलुंडपासून आत येणाऱ्या या पाइपलाइनच्या कडेची घाटकोपर-विद्याविहार भागातली हजारो घरं २०१७ च्या सुमारास तोडली गेली आणि कुटुंबांना माहुलला धाडलं, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी. तिथली हवा आरोग्याला धोक्याची असल्याचं राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटलं होतं. लोकांनी आंदोलन केलं, कोर्टात गेले, आणि उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यांना तिथे राहण्याची सक्ती करता येणार नाही, दुसरीकडे राहायला महिना पंधरा हजार भाडं द्या, असा आदेश दिला. पुढचा भाग अधिक बोलका आहे. माहुलची नऊ हजारांहून अधिक रिकामी घरं पालिकेने २०२५ मध्ये आपल्याच तृतीय आणि चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांना १२ लाख ६० हजारांत विकायला काढली. मुंबईत बारा लाखांत घर! उड्या पडायला हव्या होत्या. प्रतिसाद थंड मिळाला. घर म्हणजे चार भिंती नसून कामाचं ठिकाण, शाळा, दवाखाना आणि श्वास घेण्याजोगी हवा आहे, हे पालिकेच्या सफाई कामगाराला धोरणकर्त्यांपेक्षा चांगलं कळत होतं.

*

दुसरं काही शक्यच नव्हतं, असं आता सांगितलं जातं. ते खोटं आहे, आणि ते खोटं ठरवणारे पुरावे परदेशात शोधायची गरज नाही. ते गोरेगाव, पवई आणि बोरिवलीत उभे आहेत.

१९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने शहरातली जास्तीची मोकळी जमीन सरकारच्या हाती यायची होती. जमीनमालकांनी आणि सरकारनेही त्यातून पळवाटा काढल्या. कलम २० खाली सवलती वाटल्या गेल्या. तेव्हा मृणाल गोरे आणि बाबूराव सामंत यांनी नागरी निवारा परिषद काढली आणि सरळ मागणी केली : ही जमीन बेघरांच्या सहकारी संस्थांना द्या. मोर्चे झाले, वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि शेवटी गोरेगाव पूर्वेला दिंडोशीच्या टेकडीवर सुमारे ६२ एकर जमिनीवर सहा हजारांहून जास्त घरं उभी राहिली. फुकट नव्हती. लोकांनी पैसे भरले, पण बांधकामाच्या खर्चाएवढे. टॉवर विकून खोली काढावी लागली नाही, कारण जमीन बाजारभावाने घ्यावी लागली नव्हती. पाण्याच्या प्रश्नावरून ‘पाणीवाली बाई’ म्हणून ओळखल्या गेलेल्या मृणालताईंचं हे काम त्या नावाइतकंच मोठं आहे, आणि त्यामानाने फार कमी सांगितलं जातं.

तिथून काही किलोमीटरवर पवई आहे. १९८६ मध्ये राज्य सरकार, एमएमआरडीए आणि विकासक यांच्यात करार झाला. २३० एकर जमीन हेक्टरी एक रुपया दराने, ऐंशी वर्षांसाठी. अट अशी, की त्यावर ४० आणि ८० चौरस मीटरची परवडणारी घरं बांधायची. प्रत्यक्षात तिथे जे उभं राहिलं त्याचे ग्रीक खांब आजही लोक बघायला जातात. जनहित याचिकांवर उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये आदेश दिला, की करारातली छोटी घरं आधी बांधा, मगच पुढचं बांधकाम. म्हणजे एकच कायदा, एकच दशक, जवळजवळ शेजारच्या दोन टेकड्या. जिथे लोक संघटित होऊन जमिनीला चिकटून बसले तिथे सहा हजार घरं झाली, जिथे जमीन विश्वासावर देऊन सरकार पाठ फिरवून बसलं तिथे काय झालं ते समोर आहे. २००७ मध्ये महाराष्ट्राने तो कायदाच रद्द केला. दिंडोशी पुन्हा होऊ नये याची तजवीज झाली.

तिसरा पुरावा चारकोप-गोराईचा. ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून तिथे दलदलीत भर घालून छोटे छोटे भूखंड पाडले, रस्ते, पाणी, गटारं दिली आणि गरिबांना सांगितलं, घर तुमचं तुम्ही बांधा. पंचवीस-चाळीस चौरस मीटरचे ते तुकडे. लोकांनी आधी एक खोली बांधली, मग वर दुसरी. कित्येक वर्षं तज्ज्ञ या योजनेला अपयशी म्हणत होते. आज बोरिवली-कांदिवलीत ती सगळ्यात गजबजलेल्या, धडधाकट वस्त्यांपैकी एक आहे, आणि स्वयंपुनर्विकासाचे प्रयोगही चारकोपमध्येच झाले.

इथे एक कबुली द्यायलाच हवी. दिंडोशीची घरं असोत वा चारकोपचे भूखंड, आज तेही बाजारभावानेच विकले जातात. पहिल्या पिढीला स्वस्त मिळालेलं घर दुसरी पिढी कोटींत विकते, आणि नंतर आलेला पुन्हा दाराबाहेर. मालकी हक्काने दिलेलं स्वस्त घर एकदाच स्वस्त असतं. त्या चळवळीची ही उणीव होती, असं मला वाटतं. मागणी घराच्या मालकीची होती, तिथेच थोडी चूक झाली. पण तेव्हा भाड्याच्या घराची मागणी कोण करणार होतं? १९४० च्या भाड्यांनी भाड्याची घरं बांधणंच बंद पाडलं होतं, पागडीने भाडेकरू आणि मालक दोघांची मनं नासवली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये गोठवलेल्या भाड्यांना अवाजवी म्हटलं, १९९९ चा नवा कायदा आला, तोपर्यंत सगळा व्यवहार लीव्ह अँड लायसन्सच्या अकरा महिन्यांवर गेला होता. एका टोकाला भाडेकरू हलवता येत नव्हता, दुसऱ्या टोकाला त्याला उभं राहायला जागा उरली नाही. मधलं काही आपण घडवलंच नाही. २००८ मध्ये एमएमआरडीएने १६० फुटांच्या भाड्याच्या खोल्यांची योजना काढली खरी, पण तीही शहरापासून लांब, विकासकाला भरघोस चटईक्षेत्र देऊन. काही वर्षांत ती गुंडाळली आणि खोल्या दुसऱ्याच कामांना वापरल्या.

भाडेकरूला संरक्षण नसल्याची किंमत केवळ पैशांत मोजली जात नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मुलुंडच्या एका सोसायटीत एका मराठी महिलेला, मराठी आहे म्हणून, ऑफिससाठी जागा नाकारल्याचा व्हिडिओ गाजला. दोन दिवस संताप झाला. मुसलमान कुटुंबाला, दलित कुटुंबाला, मांसाहारी माणसाला, एकट्या मुलीला ब्रोकर रोज हेच सांगतो, त्याचा व्हिडिओ निघत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणं मान्य केलं, तेव्हापासून कायद्याचाही फारसा आधार नाही. घराचा मालक एकच असतो म्हणून तो नाही म्हणू शकतो. ज्या शहरात भाड्याची हजारो सार्वजनिक घरं असतील, तिथे त्याच्या नाही म्हणण्याला एवढं वजन राहत नाही.

*

चटईक्षेत्र वाढवा, घरं वाढतील, भाव उतरतील, असं अर्थशास्त्रज्ञांचा एक मोठा वर्ग सांगतो. नगररचनातज्ज्ञ अॅलन बर्टो यांनी मुंबईचा चटईक्षेत्र निर्देशांक जगातल्या मोठ्या शहरांच्या मानाने फार कमी असल्याचं अनेकदा दाखवलं. मुंबईचे नगररचनाकार शिरीष पटेल यांनी त्याला उत्तर दिलं होतं, की आकडा बघू नका, एका हेक्टरवर किती माणसं कोंबली जातात आणि त्यांच्या वाट्याला रस्ता, मैदान किती येतं ते बघा. मला दोघांत पटेल जास्त पटतात, पण बर्टोंचं म्हणणं मान्य केलं तरी एक प्रश्न उरतो. इथे चटईक्षेत्र हा नियम नाही, चलन आहे. ते सरकार आणि पालिका प्रीमियम घेऊन विकतात. १९९१ नंतर बरीच वर्षं टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) शहर भागात वापरायला बंदी आणि निर्मितीच्या जागेपासून उत्तरेकडेच वापरायची मुभा असल्यामुळे त्याचा सगळा भार उपनगरांवर आला. घाटकोपर-मुलुंडच्या गल्ल्या तेवढ्याच राहिल्या आणि त्यावर दुप्पट इमारत उभी राहिली. आणि जानेवारी २०२१ मध्ये बाजार मंदावला तेव्हा सरकारने काय केलं? भाव उतरू दिले नाहीत, बिल्डरांना प्रीमियममध्ये पन्नास टक्के सूट दिली. २०११ च्या जनगणनेत मुंबईत ४ लाख ८० हजारांच्या आसपास घरं रिकामी होती, देशातल्या कोणत्याही शहरापेक्षा जास्त. घरांचा तुटवडा आणि रिकामी घरं एकाच शहरात सुखाने नांदतात, याचा अर्थ प्रश्न नुसत्या संख्येचा नाही.

आता धारावी उपनगरात येते आहे. अपात्र ठरलेल्यांसाठी भाड्याची घरं बांधायला कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंडची सुमारे २५६ एकर मिठागराची जमीन देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. मुलुंडकरांनी विरोध केला. त्याआधीच प्रकल्पबाधितांच्या सात हजारांहून अधिक घरांवरून तिथे वातावरण तापलं होतं. त्यांचं पाण्याचं, रस्त्यांचं, पुराचं म्हणणं खरं आहे. मिठागरं भरती-पावसाचं पाणी पोटात घेतात, ती बुजवणं हा शहाणपणा नव्हे. पण ‘ते लोक इथे नकोत’ ही त्यातली दुसरी कुजबुज मला ऐकवत नाही. पंचाहत्तर वर्षांपूर्वी मुलुंडमध्ये आलेले आपणही कोणाचे तरी ‘ते लोक’च होतो. खरा सवाल वेगळा आहे. भाड्याची सार्वजनिक घरं मिळणार म्हणून आनंद व्हायला हवा, तर ती मिठागरात का? ग्लॅक्सोच्या जमिनीवर, रेल्वेच्या यार्डात, बंद सरकारी कचेऱ्यांच्या जागी, म्हाडाच्या जुन्या वसाहतींत का नाहीत?

म्हाडाच्या वसाहतींत तर हे उद्या सुरू करता येईल. पंतनगर, कन्नमवारनगर, मोतीलालनगरची जमीन आजही सरकारची आहे. पुनर्विकास होताना विकासक म्हाडाला घरं देऊ शकतो किंवा त्याऐवजी प्रीमियम भरून मोकळा होऊ शकतो. प्रीमियमची वाट बंद करा. म्हाडाच्या वाट्याची सगळी घरं घ्या आणि ती सोडतीत विकू नका. पगाराच्या ठरावीक हिश्श्याएवढ्या भाड्याने द्या, पाच-दहा वर्षांच्या करारावर, जात-धर्म-ताट न विचारता. सिंगापूरमध्ये ऐंशी टक्के लोक सरकारने बांधलेल्या घरात राहतात, व्हिएन्नात निम्मे लोक पालिकेच्या किंवा अनुदानित सहकारी घरात भाड्याने राहतात; तिथे जमीन सरकारने आधी ताब्यात घेतली आणि मग सोडली नाही. आपल्याकडे जमीन हातात आहे, ती सोडण्याची घाई आहे.

२० मे २०२५ ला राज्याने नवं गृहनिर्माण धोरण मंजूर केलं. नाव ‘माझे घर, माझा अधिकार’. २०३० पर्यंत ३५ लाख घरं, सत्तर हजार कोटींची गुंतवणूक. भाड्याच्या घरांचा, नोकरदार महिलांच्या वसतिगृहांचा त्यात उल्लेख आहे, ही चांगली गोष्ट. तुमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या भूमिपूजनाला नगरसेवक, आमदार, मंत्री येतील तेव्हा त्यांना एवढंच विचारा, की या ३५ लाखांपैकी सरकार स्वतःच्या मालकीची ठेवून भाड्याने देणार अशी घरं किती आणि अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या हद्दीत किती. पोटमाळ्यावरच्या आणि दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या वतीने हे विचारायला दुसरं कोणी येणार नाही.